डोलकाठीच्या निशाणातली खाच

थांबा, आधी हे सांगते, बाकीचं नंतर. आज सकाळी ऑफिसच्या मेलवर डोलकाठीचं सर्टिफिकेट आलं. एक पानाची साधी फाईल, वर सरकारी शिक्का, खाली नंबर. मी ती सात वेळा उघडून बघितली, आणि आता टेबलावर डबा तसाच ठेवून हे टाइप करत बसलेय. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव मागितले होते. त्यासाठी मी एक शहाणा, क्रमवार लेख अर्धा लिहूनही ठेवला होता. तो राहू दे. हे आत्ताच सांगितलं नाही तर माझ्याच्याने जेवण व्हायचं नाही.

तसं चार वर्षांच्या नोकरीवर आठवणी लिहायच्या म्हणजे आमच्या मॅडमना हसू येईल. मॅडम म्हणजे वकील मॅडम. मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. मी त्यांची असिस्टंट. आमच्याकडे ट्रेडमार्कची कामं होतात. तुम्ही काही बनवता, विकता, त्याला एक नाव देता, चित्र देता. ते नाव बघून गिऱ्हाईक येतं. उद्या तेच नाव दुसऱ्याने लावलं तर गिऱ्हाईक फसतं आणि शिव्या तुम्हाला पडतात. म्हणून ते नाव सरकारदरबारी नोंदवून घ्यायचं. एवढंच. पण आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना अजून वाटतं की मी सातबारा काढून देते.

माल कुठल्या प्रकारचा, त्यावर नोंदणीचे वर्ग असतात. आंबा झाडावरून उतरला की एकतीस नंबर. त्याचा रस डब्यात भरला की एकोणतीस. सरबत झालं की बत्तीस. एकच आंबा, तीन घरं. हे मी लोकांना समजावते तेव्हा ते माझ्याकडे असे बघतात की हे वर्ग मीच पाडलेत.

गिऱ्हाइकं पण एकेक. एका काकांना ‘हापूस’ हाच शब्द स्वतःच्या नावावर करून हवा होता. मी म्हटलं, काका, तो सगळ्यांचा आहे. तर म्हणाले, “म्हणूनच म्हणतो, माझ्या आधी कुणी करून टाकला तर?” खानावळ चालवणाऱ्या एक मावशी स्वतःचा फोटो मार्क म्हणून द्यायचा ठरवून आल्या आणि तीन आठवड्यांत तीन वेगळ्या साड्यांमधले फोटो देऊन गेल्या. शेवटी मॅडम म्हणाल्या, मावशी, नोंदणी चेहऱ्याची आहे, पदराची नाही.

पण डोलकाठी. डोलकाठीवर येते.

दीड वर्षापूर्वी, मोहोर धरायला लागला होता तेव्हा, अंताकाका जिना चढून आले. सत्तरीचे असतील. खाडीपलीकडच्या एका गावात त्यांची आंब्याची बाग. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलंन, “मार्का करून देता ते तुम्हीच ना गो?”

बागायतदार ट्रेडमार्क म्हणत नाहीत, मार्का म्हणतात. आंब्याच्या लाकडी पेट्या बाजारात जायच्या, तेव्हा प्रत्येक बागवाल्याचा एक पत्रा असायचा. पत्र्यात नाव आणि चित्र कापलेलं. तो पेटीवर ठेवायचा, वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, की मार्का उठला. दलाल पेटी न उघडता मार्का बघून भाव बोलायचा. आता पेट्या गेल्या, पुठ्ठ्याचे बॉक्स आले, पण मार्के तेच.

काकांचा मार्का डोलकाठी. जहाजाची उभी डोलकाठी, वर फडकणारं निशाण आणि खाली नाव. त्यांचे वडील तरुणपणी गलबतावर खलाशी होते, म्हणून. गेल्या हंगामात पुण्यात रस्त्यावर कुणीतरी ‘डोलकाठी’ छापलेल्या बॉक्समध्ये भलतेच आंबे विकलेन. तिथल्या एका बाईने बॉक्सवरचं नाव विचारत विचारत काकांचा नंबर मिळवून त्यांना फोनवर झोडलं. काका म्हणाले, “चाळीस वर्षांत दलाल कधी वर तोंड करून बोलला नाय. आणि ती बाई मला म्हणते, लाज वाटते काय तुम्हाला?”

नवीन अर्ज करायच्या आधी आम्ही ते नाव आधीच कुणी मागितलंय का ते ऑनलाइन शोधतो. मी टाइप केलं. एक अर्ज निघाला. डोलकाठी, वर्ग एकतीस, आंबे. अर्जदार एक प्राची. गाव काकांचंच. अर्ज तपासून झालेला, जर्नलमध्ये छापून आलेला. छापून आल्यापासून चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो, नंतर नाही. त्या चार महिन्यांतले अकरा दिवस उरले होते.

“काका, ही प्राची कोण?”

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. “आमच्या गडग्यापलीकडची. मन्याची पोरगी.” गडगा म्हणजे दोन बागांमधली जांभ्या दगडांची भिंत.

“तिने तुमचा मार्का चोरलाय,” मी म्हटलं. माझं हे असंच. तोंड आधी.

“चोरलान नाय,” काका म्हणाले. “मीच दिलाय.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मनोहर, म्हणजे मन्या, काकांचा लहानपणापासूनचा दोस्त. मुंबईची नोकरी सोडून गावी आला आणि बाग धरली. पहिल्या वर्षी बारा पेट्या झाल्या. बिनमार्क्याच्या पेटीकडे बाजारात कोण बघणार? काकांनी आपला पत्राच त्याला देऊन टाकला. हंगामापुरता मार, म्हणाले. दुसऱ्या वर्षी मन्या परत द्यायला आला, तर काका म्हणाले, राहू दे, मी दुसरा कापतो.

मला जरा हसू आलं आणि जरा घामही फुटला. चमचा उसना द्यावा तसा ह्यांनी ट्रेडमार्क दिलेला.

खरी गोची पुढेच होती. काकांच्या वडिलांनी मूळ पत्रा कापताना त्यांच्या हातून कात्री निसटली होती, त्यामुळे निशाणाच्या टोकाला एक खाच पडली होती. काकांनी नवा पत्रा कापला तो नीट, बिनखाचेचा. म्हणजे गेली कित्येक वर्षं काकांच्या पेट्यांवर गुळगुळीत निशाण, आणि मन्याच्या पेट्यांवर मूळ खाचेचं. प्राचीने त्याच पत्र्यावरून लोगो करून घेतलेला, खाचेसकट. तिच्या इन्स्टाग्रामवर लिहिलेलंही होतं, ही खाच म्हणजे आमच्या बाबांच्या मार्क्याची ओळख. कागदावर बघाल तर प्राचीचा मार्का अस्सल आणि काकांचा नक्कल.

कायदा विचारतो, आधीपासून कोण वापरत होतं? दाखवा. मन्याची सगळी जुनी कागदपत्रं प्राचीने अर्जाला नीट लावलेली. काकांची वाळवीने खाल्लेली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने त्यांच्या गावी गेले. जुन्या पेट्यांच्या फळ्या कोकणात कोण फेकतं? भांड्यांची फळी होते, माळा होतो. काकांकडे त्यांचं कोंबड्यांचं खुराडं झालं होतं. काकूंनी आधी कोंबड्या बाहेर काढल्यान, मग मला आत वाकायला सांगितलंन. “इतकी वर्षं या फळ्यांनी विंचू सांभाळलेन,” काकू म्हणाल्या, “आता वकिलीण पण आली.”

आतल्या बाजूला, पावसापासून वाचलेली, एक फळी होती. काळी डोलकाठी. निशाणाला खाच. बाजूला काकांच्या वडिलांची आद्याक्षरं आणि ज्या दलालाकडे पेटी जायची त्या पेढीचं नाव. ती पेढी मन्या मुंबई सोडून यायच्या कितीतरी आधी बंद पडलेली. म्हणजे मूळ मार्का कुणाचा, हे त्या एका फळीवर लिहिलेलं होतं. मी खुराड्यात गुडघ्यांवर बसून अक्षरशः टाळी वाजवली. एक कोंबडी परत आत आली आणि माझ्याकडे रागाने बघायला लागली.

काका मात्र खुराड्याच्या दाराशीच उभे होते.

“फोटो काढ,” म्हणाले, “पण प्राचीला दाखवायचा नाय.”

“हरकत घ्यायची तर हे तिला दिसणारच, काका.”

“मन्या जाऊन दोन वर्षं झाली गो. ती सगळ्यांना सांगते, बाबांनी उभा केलेला मार्का. मी उद्या ही फळी पुढे केली तर पोरीला काय वाटेल? बाप जन्मभर उसन्या नावावर जगला, असंच ना?”

“मग मार्का जाईल.”

“जाऊ दे,” काका म्हणाले. काकू अंगणातून म्हणाल्या, “काल तुझ्याकडून आल्यापासून जेवलेले नायत धड. विचार तू त्यांना, जाऊ दे म्हणतात तर जेवत का नायत.”

“मधला रस्ता हाय काय, तेवढंच बघ तू,” काका म्हणाले.

आता माझी चूक. ती लिहायलाच हवी. परतीच्या एसटीत रेंज आली आणि मी प्राचीला इन्स्टाग्रामवर मेसेज केला. फळीचा फोटो आणि खाली दोन ओळी, तुमच्या लोगोतली खाच इथून आलीय, काका तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. चुकून नाही, मुद्दाम पाठवला. मला वाटलं, दोघंही चांगले आहेत, फक्त एकाला माहीत नाही, मग सांगून टाकलं की सुटेल. मी हुशार आहे असं मला तेव्हा फार वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, “मृणाल, माणूस आपल्याला घर उघडून दाखवतो ते आपण बघायचं असतं. शेजाऱ्याला हाक मारायची नसते.” मग म्हणाल्या, “काकांना फोन तू करायचास. आत्ता.” मी केला. काकांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून ऑफिसच्या वेळात माझा फोन मॅडमच्या खणात असतो. आजही आहे, हे मी कॉम्प्युटरवर टाइप करतेय.

प्राचीने मेसेज बघितला होता. उत्तर नाही. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. मॅडमनी हरकतीचा मसुदा तयार करून ठेवला आणि काकांना बोलावलं. सही करायची की नाही ते आज ठरवा, म्हणाल्या. पाच दिवस उरले होते. काका खुर्चीत बसले, पेन हातात, टोपण लावलेलं. माझ्याशी एक शब्द नाही.

तेवढ्यात जिन्यावर चप्पल वाजली आणि प्राची आली. माझ्याच वयाची, उन्हाने तांबूस झालेली, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. तिने ते टेबलावर ठेवून उलगडलं. पत्रा. मूळचा, काळा पडलेला, खाचेचा.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. काकांना म्हणाली, “काका, एकच विचारते. ती पेटी का यायची तुमच्याकडे?”

काकांनी पत्रा हळूच स्वतःकडे ओढला.

मग ती मॅडमना सांगायला लागली. “दर हंगामाची पहिली पेटी बाबा विकायचे नाहीत. देवळात द्यायच्याही आधी गडग्यावरून काकांकडे द्यायचे. मार्का मारून, नीट. आमच्या घरात कुणी पहिला आंबा खायच्या आधी ती पेटी पलीकडे जायची. मी लहानपणी विचारलं तर म्हणायचे, आपली पद्धत आहे. बाबा गेल्यावर मी पण दोन वर्षं दिली. का देतेय ते न कळता.” मग काकांकडे वळून, “काका, मार्क्यासाठी ना ती?”

“मी कधी मागितली नाय हां,” काका एकदम म्हणाले, कुणी आरोप केल्यासारखे.

“ते माहितेय हो.”

“आणि मला नको असायची. मन्याचे आंबे माझ्यापेक्षा गोड. खायला जड जायचे.”

प्राची हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मॅडमनी पाण्याचा ग्लास सरकवला.

मॅडम तशा कमी बोलतात. त्या दिवशी म्हणाल्या, “प्राची, वडिलांनी लपवलं असं तुला वाटतंय ना? ज्याला लपवायचं असतं तो दर वर्षी मार्का मारून पेटी पाठवत नाही. ते सांगतच होते. दर वर्षी. फक्त तोंडाने नाही.” मग आमच्या भाषेत समजावलं. मालकाच्या परवानगीने दुसरा कुणी नाव वापरत असला, तर त्याला कायद्यात वाव असतो, आणि आम्ही त्यासाठी पानंच्या पानं करार लिहितो. “तुझ्या वडिलांनी तो करार एका पेटीत लिहिला.”

मी टाइप करणारी मुलगी. माझ्या चार वर्षांत मी असे करार कितीतरी बनवलेत, त्यातला एकही मला इतका पक्का वाटला नव्हता.

प्राची म्हणाली, “माझा अर्ज मी मागे घेते. काकांच्या नावाने करा.”

“आणि तू काय मारशील पेटीवर? माझं डोकं?” काका म्हणाले. “दोघांची नावं घाल.”

मॅडमनी शंभर अडचणी सांगितल्या. एक मार्का, दोन मालक, पुढे मुलाबाळांत भांडणं, एकाने विकायचा म्हटला तर काय, एकाने माल खराब पाठवला तर काय. सगळं लेखी करावं लागेल, म्हणाल्या. काकांनी शांतपणे सगळं ऐकलंन. “करा लेखी,” म्हणाले, “पण नावं दोन.”

करार मी टाइप करत होते. दोघांचा एकमेकांशी संबंध लिहायचा असतो, भागीदार, भाऊ, नवरा-बायको असं काहीतरी. मी काकांना विचारलं, काय लिहू? चार दिवसांनी ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

“लिही, गडगा सामायिक.”

नवा अर्ज गेला. पुरावा म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याची फळी, तिचा फोटो, पत्रा, प्राचीचे कागद आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. त्यातले एक सही करताना म्हणाले, मार्का उसना दिलेला अख्ख्या गावाला माहीत होता, पोरीला कुणी सांगितलं नाही कारण कुणी विचारलंच नाही. त्याच दिवशी प्राचीने जुना अर्ज मागे घेतला. चित्र कुठलं द्यायचं, गुळगुळीत की खाचेचं, यावर काका पाच मिनिटं विचार करत बसले आणि खाचेवर बोट ठेवलंन.

माझी चूक मात्र चूकच राहिली. नंतर चहा पिताना प्राची म्हणाली की माझा मेसेज आल्यावर दोन दिवस तिने वडिलांचं कपाट उघडलं नव्हतं. तिला वाटलं होतं, उघडलं तर अजून काय काय उसनं निघेल. मी सॉरी म्हटलं. आणि काका मला जिन्यात म्हणाले, “तू पाठवलंस ते वाईट केलंस. झालं ते बरं झालं. दोन्ही खरं हाय. एकाने दुसरं पुसू नको.” मी ते माझ्या डायरीत लिहून ठेवलंय, मॅडमना माहीत नाही.

त्यानंतरच्या हंगामात पहिली पेटी नेहमीसारखी प्राचीच्या बागेतून काकांकडे गेली. मी म्हटलं, आता कशाला, आता मार्का तुझाही आहे. तर म्हणाली, पद्धत आहे. फरक एवढाच झाला, की त्याच सकाळी काकांचीही पहिली पेटी गडग्यावरून तिच्याकडे आली. काकू म्हणतात, दोन्ही पेट्या गडग्यावर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि दोघांनाही घरी नेताना कुठली कुणाची ते कळेना. मार्का एकच ना.

आणि एक पेटी आमच्या ऑफिसात आली. मॅडमनी पहिला आंबा मला दिला. मी काही बोलले नाही, आणि मी न बोलणं ही आमच्या ऑफिसात बातमी असते.

आज सर्टिफिकेट आल्यावर मी मॅडमच्या खणातून एका कॉलपुरता फोन मागून घेतला आणि काकांना लावला. त्यांनी नंबर विचारला नाही, तारीख विचारली नाही.

“खाच आली काय गो?”

“आली काका. स्पष्ट दिसतेय.”

त्यांच्या मागे कोंबड्यांचा कलकलाट चालू होता. मग म्हणाले, “माझ्या बापाची कात्री निसटली ती सरकारने मान्य केलीन म्हणायची.” आणि मग हाताने फोन झाकून, पण मला ऐकू येईल असं, गडग्याकडे तोंड करून हाक मारलीन, “प्राची, आला गो मन्याचा मार्का.”

मन्याचा, म्हणाले.

म्हणून डबा तसाच आहे. या कामाने मला दुसरं काही दिलं नसतं तरी चाललं असतं. कुठून कुठून माणसं जिना चढून येतात, आपल्या घरातलं जुनं काहीतरी टेबलावर ठेवतात आणि मला ते बघायला मिळतं.

आता तुम्ही सांगा. तुमच्याकडे असं दर वर्षी कुणाकडून काही येतं का? पहिला नारळ, पहिली केळी, सणाची एखादी पुरणपोळी, किंवा तुमच्याच घरून कुणाकडे जातं, पद्धत आहे म्हणून, आणि का ते कधी कुणी विचारलेलंच नाही? विचारून बघितलंय कधी? काय निघालं?